शब्दशंका : इंग्रजीतली अबोल ‘जी-एच’

इंग्रजी शब्दांत जी आणि एच ही दोन अक्षरे शेजारीशेजारी आली की वाचणारा अडखळतो. कुठे ती मुळीच ऐकू येत नाहीत, कुठे त्यांचा ‘फ’ होतो, तर कुठे नुसता ‘ग’. या जोडीविषयी वाचकांनी विचारलेल्या शंका या वेळी एकत्र घेतल्या आहेत. शब्दांचे अर्थही उत्तरांच्या ओघात दिले आहेत, कारण अर्थ, व्युत्पत्ती आणि स्पेलिंग यांचा धागा या जोडीत जितका स्पष्ट दिसतो तितका इंग्रजीत क्वचितच दिसतो.

प्रश्न : मी शाळेत इंग्रजी शिकवते. ‘नाइट’, ‘एट’, ‘डॉटर’ असे शब्द आले की मुले हमखास विचारतात, जी-एच उच्चारायचे नाही तर लिहायचे कशाला? ‘सायलेंट लेटर’ आहे एवढेच मी सांगते, पण त्याने मुलांचे समाधान होत नाही आणि खरे सांगायचे तर माझेही होत नाही. याचे नेमके कारण काय?

उत्तर : मुलांचा प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याला उत्तरही आहे. ही अक्षरे आज मुकी असली तरी जन्मतः मुकी नव्हती. जुन्या इंग्रजीत या जागी एक खराखुरा ध्वनी उच्चारला जात असे. जिभेचा मागचा भाग मृदू तालूच्या जवळ न्यावा, पण तो टेकवू नये आणि मधल्या फटीतून हवा घासत सोडावी, म्हणजे तो ध्वनी निघतो. उर्दू बोलणारे ‘खबर’ शब्दातला ‘ख’ जसा घासून उच्चारतात, साधारण तसा. रात्र या अर्थाचा शब्द तेव्हा ‘निख्ट’च्या जवळपास उच्चारला जाई आणि तो ध्वनी नुसत्या एच अक्षराने लिहीत. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर लेखनाची सूत्रे फ्रेंच वळणाच्या लेखनिकांकडे गेली आणि पुढच्या शतकांत त्या ध्वनीसाठी एच ऐवजी जी-एच ही जोडी हळूहळू रूढ झाली. म्हणजे जोडी लिहिली गेली ती ध्वनी दाखवण्यासाठीच. पुढे साधारण सतराव्या शतकापर्यंत प्रमाण इंग्रजीतून तो ध्वनी नाहीसा झाला, पण तोवर छपाईमुळे स्पेलिंग बरेचसे पक्के झाले होते, त्यामुळे अक्षरे जागच्या जागी राहिली.

जाता जाता त्या ध्वनीने एक खूणही मागे ठेवली. तो गळाला तेव्हा आधीचा र्‍हस्व ‘इ’ दीर्घ झाला, म्हणजे ‘निख्ट’चे ‘नीट’ झाले. आणि त्यानंतर इंग्रजीतल्या सगळ्याच दीर्घ स्वरांची जी मोठी उलथापालथ झाली तिच्यात या दीर्घ ‘ई’चा ‘आय’ झाला. म्हणून आय-जी-एच ही तीन अक्षरे एकत्र आली की उच्चार बहुधा ‘आय’ होतो. उसासा या अर्थाचा ‘साय’, मांडी या अर्थाचा ‘थाय’, उंच या अर्थाचा ‘हाय’, दृष्टी या अर्थाचा ‘साइट’, सामर्थ्य या अर्थाचा ‘माइट’ हे सारे त्याच वाटेने आलेले आहेत. मुलांना ‘ही अक्षरे बोलत नाहीत’ असे सांगण्याऐवजी ‘ही अक्षरे आधीच्या स्वराला दीर्घ करून गेली’ असे सांगितले, तर ते जास्त खरे ठरेल आणि लक्षातही राहील, असे मला वाटते.

तो ध्वनी ऐकायचाच असेल तर शेजारच्या भाषांत तो आजही आहे. जर्मनमध्ये रात्रीला ‘नाख्ट’, आठाला ‘आख्ट’ आणि मुलीला ‘टोख्टर’ म्हणतात. स्कॉटलंडच्या स्कॉट्स बोलीत ‘नाइट’ला ‘निख्ट’ आणि ‘ब्राइट’ला ‘ब्रिख्ट’ म्हणतात. आणखी मागे गेलो तर आपल्या ओळखीची माणसे भेटतात. इंग्रजी ‘नाइट’ आणि संस्कृत ‘नक्त’ हे सजातीय, म्हणजे एकाच मूळ शब्दातून निघालेले शब्द आहेत. तसेच ‘डॉटर’ आणि ‘दुहितृ’, ‘एट’ आणि ‘अष्ट’, सरळ किंवा योग्य या अर्थाचा ‘राइट’ आणि संस्कृत ‘ऋजु’. यातले ‘एट’चे उदाहरण वर्गात फळ्यावर मांडण्याजोगे आहे. संस्कृत, लॅटिन, इंग्रजी यांची समान पूर्वज मानलेल्या मूळ इंडो-युरोपीय भाषेत या शब्दात ‘क’सारखा एक वर्ण होता. लॅटिनमध्ये तो ‘क’च राहिला आणि ‘ऑक्टो’ झाले. संस्कृतात त्याचा ‘ष’ झाला. इंग्रजी, जर्मन ज्या कुळात येतात त्या जर्मेनिक भाषांत त्याचा घासून उच्चारला जाणारा ‘ख’ झाला. अशा बदलांचा नियम जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी 1822 मध्ये मांडला. इंग्रजीत मात्र तो ‘ख’ उच्चारातून गेला आणि लिहिण्यापुरता उरला. त्या दोन मुक्या अक्षरांच्या जागी ‘अष्ट’मधला ‘ष’ आहे, हे कळल्यावर मुले ती गाळतील असे वाटत नाही.

प्रश्न : ओ-यू-जी-एच या चार अक्षरांचा उच्चार ‘कॉफ’मध्ये वेगळा, ‘रफ’मध्ये वेगळा, ‘थ्रू’मध्ये वेगळा आणि ‘दो’मध्ये आणखी वेगळा. याला काही नियम आहे का, की पाठच करायचे?

उत्तर : अर्धा नियम आहे आणि अर्धे पाठ करायचे आहे. नियम आधी सांगतो. या चार अक्षरांनंतर लगेच टी आला तर उच्चार ‘ऑट’ होतो. विचार किंवा विचार केला या अर्थाचा ‘थॉट’, विकत घेतले या अर्थाचा ‘बॉट’, आणले या अर्थाचा ‘ब्रॉट’, शोधले या अर्थाचा ‘सॉट’, लढले या अर्थाचा ‘फॉट’, कर्तव्य सुचवणारा ‘ऑट’ आणि शून्य या अर्थाचा ‘नॉट’ हे सगळे या नियमात बसतात. अपवाद लक्षात ठेवायचे ते दोन : अवर्षण या अर्थाचा ‘ड्राउट’ आणि शूर या अर्थाचा जुना शब्द ‘डाउटी’. ‘ड्राउट’ हा कोरडा या अर्थाच्या ‘ड्राय’चाच भाऊबंद आहे.

टी नसेल तर मात्र शब्द गटागटाने लक्षात ठेवावे लागतात. खोकला म्हणजे ‘कॉफ’ आणि जनावरांना पाणी किंवा चारा ठेवायचे लांबट भांडे म्हणजे ‘ट्रॉफ’ यांत ‘ऑफ’ येतो. खडबडीत या अर्थाचा ‘रफ’, चिवट किंवा कठीण या अर्थाचा ‘टफ’ आणि पुरेसा या अर्थाचा ‘इनफ’ यांत ‘अफ’ येतो. जरी या अर्थाच्या ‘दो’ व ‘ऑल्दो’मध्ये आणि कणीक या अर्थाच्या ‘डो’मध्ये ‘ओ’ आहे. झाडाची मोठी फांदी म्हणजे ‘बाऊ’ आणि नांगर म्हणजे ‘प्लाऊ’ यांत ‘आऊ’ आहे. मधून किंवा आरपार या अर्थाच्या ‘थ्रू’मध्ये ‘ऊ’ आहे. सखोल, कसून केलेला या अर्थाच्या ‘थरा’मध्ये आणि नगर या अर्थाच्या ‘बरा’मध्ये शेवटी नुसता अस्पष्ट ‘अ’ ऐकू येतो. एकच स्पेलिंग असून अर्थाप्रमाणे उच्चार बदलतो असाही एक शब्द आहे. दलदल असा अर्थ असेल तर ब्रिटिश इंग्रजीत त्याचा उच्चार ‘स्लाऊ’ होतो. सापाची कात किंवा कात टाकणे असा अर्थ असेल तर तोच शब्द ‘स्लफ’ म्हणायचा.

ही विविधता आली कुठून, हा खरा रंजक भाग आहे. ओ किंवा यू या स्वरांनंतर येणारा तो घासलेला ‘ख’ उच्चारताना ओठ गोल होत. ओठांच्या त्या हालचालीमुळे काही बोलींत त्याचा हळूहळू ‘फ’ झाला, तर काही बोलींत तो सरळ विरून गेला. लंडनमध्ये निरनिराळ्या भागांतली माणसे एकत्र आली आणि प्रमाण भाषेने काही शब्द या बोलीतून उचलले, काही त्या बोलीतून. दुसरे कारण मराठी वाचकाला चटकन समजेल. मराठीत नामाचे एक मूळ रूप असते आणि प्रत्यय लागण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप होते, जसे घोडा आणि घोड्या. जुन्या इंग्रजीतही नामांना आणि विशेषणांना विभक्तिप्रत्यय लागत. मूळ रूपात तो ध्वनी शब्दाच्या शेवटी असल्याने घासलेला ‘ख’ असे आणि त्याचा पुढे ‘फ’ होई. प्रत्यय लागलेल्या रूपात तो दोन स्वरांच्या मधे सापडे आणि मऊ होत होत स्वरात मिसळून जाई. ‘इनफ’ हे मूळ रूपातून आलेले आहे. त्याचेच ‘इनाऊ’ हे रूप जुन्या इंग्रजीत बहुवचनी नामाबरोबर वापरले जाई आणि जुन्या कवितांत ते आढळते. ‘प्लाऊ’ आणि ‘बाऊ’ हे प्रत्यय लागलेल्या रूपांचे वंशज आहेत.

अर्थाच्या दृष्टीने यातल्या दोन शब्दांवर थोडे थांबावेसे वाटते. फांदी या अर्थाचा ‘बाऊ’ जुन्या इंग्रजीत खांदा या अर्थानेही येई आणि तो संस्कृत ‘बाहु’चा सजातीय आहे; फांदी म्हणजे झाडाचा बाहू, ही कल्पना शब्दातच आहे. कणीक या अर्थाचा ‘डो’ ज्या धातूतून आला त्याचा मूळ अर्थ लिंपणे, मळून आकार देणे असा होता. संस्कृतातला ‘दिह्’ धातू आणि त्यापासून झालेला ‘देह’ हे शब्द त्याच कुळातले आहेत. इंग्रजीतल्या ‘लेडी’ शब्दाचा उत्तरार्धही तिथलाच, कारण जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ पावाची कणीक मळणारी असा होता.

‘थ्रू’ आणि ‘थरा’ हे मुळात एकच शब्द होते, हेही सांगून ठेवतो. एका रूपात ‘र’ची जागा बदलली, दुसर्‍यात ती कायम राहिली. आरपार जाणारा तो ‘थ्रू’ आणि आरपार तपासलेला तो ‘थरा’.

प्रश्न : ‘घोस्ट’ शब्दात जी-एच सुरुवातीला आहे आणि तिथे ‘ग’ ऐकू येतो. इथेही पूर्वी तो घासलेला ध्वनी होता का?

उत्तर : नाही. इथली एच ही छापखान्यातून आली आहे. हा शब्द जुन्या इंग्रजीत आत्मा, प्राण या अर्थाने होता आणि त्याच्या स्पेलिंगमध्ये एच नव्हती. जर्मनमध्ये ‘गाइस्ट’ हा त्याचा सजातीय शब्द आजही आहे. विल्यम कॅक्स्टन यांनी 1476 मध्ये वेस्टमिन्स्टर येथे इंग्लंडमधला पहिला छापखाना सुरू केला. ते त्यापूर्वी बराच काळ आजच्या बेल्जियममधल्या ब्रूझ शहरात राहिलेले होते. तिकडच्या फ्लेमिश भाषेत या शब्दाचे स्पेलिंग जी-एच ने सुरू होई आणि त्या सवयीचा परिणाम म्हणून इंग्रजी छपाईत ही एच शिरली, असे मानले जाते. हंस जातीच्या ‘गूस’ पक्ष्याच्या नावातही त्या काळी जी-एच छापलेले आढळते, पण ते टिकले नाही. ‘घोस्ट’मध्ये मात्र रुजले. त्या शब्दाच्याच प्रभावाने भयानक या अर्थाच्या ‘गास्टली’ला आणि भयाने थिजलेला या अर्थाच्या ‘अगास्ट’ला पुढे ही जोडी मिळाली. मराठीत आपण ‘घोस्ट’ असे महाप्राण ‘घ’ने लिहितो, ते स्पेलिंगवरून; इंग्रजी उच्चार ‘गोस्ट’ असा आहे.

सुरुवातीला किंवा मधे ‘ग’ उच्चारले जाणारे इतर बरेच शब्द परभाषांतून आलेले आहेत. इटालियन भाषेत ई किंवा आय या अक्षरांपूर्वी जी आला की त्याचा ‘ज’ होतो, तो होऊ नये म्हणून मधे एच घालतात. ‘स्पघेटी’त ती त्यासाठीच आहे आणि या शब्दाचा मूळ अर्थ बारीक दोर्‍या असा आहे. ‘घेटो’ हा शब्दही तसाच. 1516 मध्ये व्हेनिसमध्ये ज्यू लोकांना ज्या वस्तीत राहणे सक्तीचे केले गेले तिच्या नावावरून तो आला आणि आज कोणत्याही कोंडलेल्या, वेगळ्या पाडलेल्या वस्तीसाठी वापरला जातो. छोट्या होडीला इंग्रजीत ‘डिंगी’ म्हणतात, तो शब्द भारतीय भाषांतून गेलेला आहे आणि त्यातली एचही ‘ज’ उच्चार टाळण्यासाठी घातलेली आहे. प्रेते खाणार्‍या पिशाचासाठी असलेला ‘गूल’ अरबीतून आला. आणि ‘फॉगहॉर्न’ म्हणजे धुक्यात जहाजांना इशारा देणारा भोंगा, अशा जोडशब्दांत तर ही जोडीच नसते. तिथे जी पहिल्या शब्दाची आणि एच दुसर्‍याची, त्यामुळे दोन्ही ऐकू येतात.

प्रश्न : ‘थिंक’चे ‘थॉट’, ‘टीच’चे ‘टॉट’, ‘बाय’चे ‘बॉट’. मूळ क्रियापदात जी-एच नसताना भूतकाळात ती कशी येते?

उत्तर : संस्कृतात ‘वच्’चे ‘उक्त’, ‘त्यज्’चे ‘त्यक्त’, ‘युज्’चे ‘युक्त’ कसे होते, ते आठवून पाहा. धातूच्या शेवटी असलेला ‘च’ किंवा ‘ज’ पुढे ‘त’ आला की बदलतो आणि दोन्ही मिळून ‘क्त’ होतात. जर्मेनिक भाषांतही हेच घडले. धातूच्या शेवटी ‘क’ किंवा ‘ग’ असेल आणि भूतकाळाचा ‘ट’ थेट त्याला येऊन भिडला, तर त्या ‘क’चा किंवा ‘ग’चा घासलेला ‘ख’ होई. ‘सीक’ म्हणजे शोधणे, त्याचे ‘सॉट’. ‘टीच’ म्हणजे शिकवणे, त्याचे ‘टॉट’. ‘थिंक’ आणि ‘ब्रिंग’मधला अनुनासिक ध्वनीही या प्रक्रियेत गळाला, म्हणून ‘थॉट’ आणि ‘ब्रॉट’. ‘बाय’च्या मूळ रूपातही ‘ग’ होता; तो वर्तमानकाळात झिजून गेला, पण भूतकाळात त्याची जी-एच राहिली.

‘वर्क’चेही पूर्वी असेच रूप होते. ते आज क्रियापद म्हणून जवळजवळ गेले असले तरी घडीव लोखंडाला इंग्रजीत ‘रॉट आयर्न’ म्हणतात, त्यात ते शिल्लक आहे. त्याच धातूचा कर्तृवाचक शब्द म्हणजे डब्ल्यूने सुरू होणारा आणि जी-एच असलेला ‘राइट’, अर्थात घडवणारा कारागीर. नाटककार या अर्थाच्या ‘प्लेराइट’मध्ये हाच शब्द आहे. लिहिणे या अर्थाचा ‘राइट’ त्यात आहे असे समजून अनेक जण स्पेलिंग चुकवतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो. इंग्रजीच्या दृष्टीने नाटककार नाटक लिहीत नाही, घडवतो.

‘कॅच’चे ‘कॉट’ हे रूप मात्र वेगळ्या मार्गाने आले. हे क्रियापद फ्रेंचच्या नॉर्मन बोलीतून आलेले, त्यामुळे त्याला हा जुना जर्मेनिक नियम लागू व्हायला नको. पण पकडणे याच अर्थाचे ‘लॅच’ हे क्रियापद इंग्रजीत आधीपासून होते आणि त्याचे भूतकाळी रूप या धाटणीचे होते. नव्या शब्दाने जुन्याचे वळण उचलले.

प्रश्न : प्रकाश म्हणजे ‘लाइट’ आणि हलका म्हणजेही ‘लाइट’. हा एकच शब्द आहे की दोन? आणि आनंद या अर्थाच्या ‘डिलाइट’शी यांचा काय संबंध?

उत्तर : हे दोन स्वतंत्र शब्द आहेत. प्रकाश या अर्थाचा ‘लाइट’ लॅटिन ‘लुक्स’ आणि संस्कृत ‘रुच्’, म्हणजे चकाकणे, यांच्या कुळातला आहे. ‘रोचन’ हा शब्द त्याच धातूचा. हलका या अर्थाचा ‘लाइट’ मात्र आपल्या ‘लघु’चा सजातीय आहे. जर्मनमध्ये हे शब्द आजही वेगळे आहेत : प्रकाशाला ‘लिख्ट’ आणि हलक्याला ‘लाइख्ट’. इंग्रजीत झिजून दोन्ही एकाच स्पेलिंगवर आले. फुप्फुस या अर्थाचा ‘लंग’ हा दुसर्‍या ‘लाइट’चा नातलग आहे, कारण शरीरातला तो हलका अवयव. घोड्यावरून किंवा वाहनातून उतरणे या अर्थाचा ‘अलाइट’ही तिथलाच, स्वार उतरला की घोड्याचे ओझे हलके होते. प्रबोधन करणे या अर्थाचा ‘एनलाइटन’ अर्थातच पहिल्या ‘लाइट’चा.

‘डिलाइट’ यांपैकी कोणाचाच नाही. तो लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमार्गे आला आणि इंग्रजीत पूर्वी जी-एच शिवाय लिहिला जाई. सोळाव्या शतकात ‘लाइट’शी असलेल्या उच्चारसाम्यामुळे त्याला ही जोडी चिकटवली गेली. उन्मत्त या अर्थाच्या ‘हॉटी’चेही तसेच, तो उंच या अर्थाच्या फ्रेंच शब्दापासून झाला आणि त्यातली जी-एच ही ‘कॉट’सारख्या शब्दांच्या अनुकरणाने आलेली आहे. चपळ, उत्साही या अर्थाच्या ‘स्प्राइटली’त तर लॅटिन ‘स्पिरितुस’ म्हणजे प्राण हा शब्द दडलेला आहे. उचकीसाठी ‘हिकप’ असा साधा शब्द असताना तो खोकल्याशी संबंधित असावा अशा गैरसमजातून त्याचे एक स्पेलिंग ‘कॉफ’सारखे केले गेले, उच्चार ‘हिकप’च राहिला. अशा शब्दांतली जी-एच कोणत्याही हरवलेल्या ध्वनीची खूण नाही, म्हणून व्युत्पत्ती शोधताना नुसत्या स्पेलिंगवर भिस्त ठेवता येत नाही.

प्रश्न : खोडकर या अर्थाचा ‘नॉटी’ आणि शून्य या अर्थाचा ‘नॉट’ यांचा संबंध आहे का?

उत्तर : आहे. जुन्या इंग्रजीत ‘काही वस्तू नाही’ अशा अर्थाचे दोन शब्द जोडून हा ‘नॉट’ झाला. नकारार्थी वाक्यात आपण जो साधा ‘नॉट’ वापरतो तोही याचाच आखूड झालेला अवतार आहे. चौदाव्या शतकात ‘नॉटी’ म्हणजे ज्याच्याजवळ काही नाही असा निर्धन माणूस. पुढे त्याचा अर्थ दुष्ट, दुराचारी असा झाला आणि तो पुष्कळ कडक शब्द होता. लहान मुलांना रागावताना वापरून वापरून तो सौम्य झाला आणि आजच्या खोडकरपणावर स्थिरावला.

प्रश्न : पंधरवड्याला ‘फोर्टनाइट’ का म्हणतात? त्यात रात्र कुठून आली?

उत्तर : ‘चौदा रात्री’ या जुन्या शब्दप्रयोगाचा तो संक्षेप आहे. प्राचीन जर्मेनिक लोक दिवसांऐवजी रात्री मोजून काळाची गणना करीत, असे रोमन इतिहासकार टॅसिटस याने इसवी सन 98 च्या सुमारास लिहून ठेवले आहे. आठवड्यासाठीही ‘सात रात्री’ या अर्थाचा ‘सेनाइट’ हा शब्द इंग्रजीत होता, तो आता मागे पडला आहे. अमेरिकेत ‘फोर्टनाइट’ फारसा वापरत नाहीत, ब्रिटनमध्ये मात्र तो रोजच्या बोलण्यातला आहे.